दोन बंद पाकिटं आणि एक पूल

१९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या एका केंद्रीय मंत्र्यांकडे एका अहवालाबरोबर दोन बंद पाकिटं आली. त्यांवर ‘गोपनीय, फक्त स्त्रियांनी वाचावे’ अशा अर्थाची सूचना होती. मंत्री पुरुष होते. त्यांनी पाकिटं उघडली नाहीत. मजकूर एका स्त्री अधिकाऱ्याने वाचला आणि मंत्र्यांनी निर्णय दिला. पुढची सोळा वर्षं त्या पाकिटांनी कोर्टं, संसद, वर्तमानपत्रं आणि एका छोट्या आदिवासी समाजाची घरं ढवळून काढली.

मी पाड्यांवर वनहक्काचे दावे लिहायला मदत करते. गावकऱ्यांची माहिती कशी जपायची हा विषय निघाला की ‘आधारच्या झेरॉक्सवर सही करून तारीख टाका, फाइल कपाटात ठेवा’ एवढ्यावर बोलणं आटपतं. हे करायलाच हवं. पण जमिनीच्या हक्काच्या कामात माहिती हातातून निसटते ती फक्त उघड्या कपाटामुळे नव्हे. ती कशी निसटते हे या एका प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही, म्हणून ते सविस्तर सांगते.

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ हिंडमार्श नावाचं बेट आहे. तिथल्या नारिंजेरी लोकांच्या भाषेत ते कुमरांक. समोरच्या काठावर गूलवा गाव, आणि गावातून बेटावर जायला फेरीबोट. एका विकासक दांपत्याने बेटावर बोटींसाठी मरीना बांधली होती. ती वाढवायची तर फेरीबोट पुरेशी नाही, पूल हवा, असं ठरलं आणि राज्य सरकार त्या पुलाला करारांनी बांधलं गेलं. नारिंजेरी लोकांचा विरोध होता. तिथे पूर्वजांच्या दफनाच्या जागा होत्या, जुन्या वस्त्यांच्या खुणा होत्या. पण काही स्त्रियांचं म्हणणं त्याहून वेगळं होतं. या बेटाशी आणि भोवतालच्या पाण्याशी बायकांचं एक ज्ञान जोडलेलं आहे, ते आई-आजीकडून निवडक मुलींकडे जातं, पुरुषांसमोर बोललं जात नाही, आणि पूल झाला तर त्या जागेला कायमची इजा होईल, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या वतीने पुढे होत्या डॉरीन कार्टिन्येरी.

पाकिटांत काय होतं याबद्दल त्या काळात बरंच छापून आलं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांचं आहे त्यांनी ते लिहायला सांगितलेलं नाही, आणि प्रकरण समजायला त्याची गरजही पडत नाही.

मे १९९४ मध्ये केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्री रॉबर्ट टिकनर यांनी कामाला तात्पुरती मनाई केली. १९८४ च्या वारसा संरक्षण कायद्याखाली कायमचा आदेश द्यायचा तर अहवाल लागतो. तो करायला त्यांनी कायद्याच्या प्राध्यापिका शेरिल सॉन्डर्स यांना नेमलं. स्त्रियांचं म्हणणं नोंदवायचं काम मानववंशशास्त्रज्ञ डीन फर्गी यांच्याकडे आलं. (नाव आपल्याला पुरुषाचं वाटेल, पण त्या बाई आहेत, आणि इथे ते महत्त्वाचं आहे.) स्त्रियांपुढे पेच होता. गप्प बसावं तर पूल होणार, बोलावं तर जे जपलं तेच हातातून जाणार. मग मधली वाट निघाली. मुख्य अहवालात ढोबळ तेवढं लिहायचं आणि खोलातला भाग दोन वेगळ्या पुरवण्यांत घालून पाकिटं बंद करायची. जुलैमध्ये टिकनर यांनी पंचवीस वर्षांसाठी पुलाला मनाई केली.

इथवर सगळ्यांनी सद्हेतूने काम केलं होतं. स्त्रियांनी विश्वास टाकला, अभ्यासिकेने शब्द दिला, मंत्र्यांनी मान राखला. आणि हाच मान कोर्टात उलटला.

विकासक दांपत्य फेडरल कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती ओलॉफलिन यांनी मनाई रद्द केली. कारणांपैकी एक असं, की कायद्याने मंत्र्याने स्वतः सगळी निवेदनं विचारात घ्यायची असतात. जे त्याने वाचलंच नाही ते त्याने विचारात घेतलं असं म्हणता येत नाही. वर्षाअखेर अपिलातही हाच निकाल राहिला.

मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा चिडले होते. मंत्र्याने सभ्यपणा दाखवला तर त्याची शिक्षा बायकांना? मग लक्षात आलं, न्यायाधीशांची बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या सहीने दुसऱ्याचा धंदा बुडणार त्याने कागद न वाचता सही करावी, हे आपल्याला आपल्या प्रांत अधिकाऱ्याकडून तरी चालेल का? विकासकांचे पैसे बुडत होते, आणि कुठल्या कारणाने बुडताहेत ते विचारायचा हक्क त्यांना होता. म्हणजे दोष कोर्टाच्या वाचनात नव्हता. जो कायदा ‘तुमच्या श्रद्धा सांगा, आम्ही रक्षण करतो’ म्हणत होता त्यातच त्या सुरक्षितपणे सांगायची सोय नव्हती. पाकीट बंद झालं त्या दिवशीच ते उघडायची पाळी कुणावर तरी येणार होती. बोलणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं होतं.

आता गळतीकडे येऊ. मार्च १९९५ मध्ये विरोधी पक्षाचे पर्यावरण प्रवक्ते इयान मॅकलॉकलन यांनी संसदेत हा विषय काढला आणि कागद आपल्यापर्यंत पोचल्याचं उघड झालं. मंत्र्यांकडे जायचा कागदपत्रांचा खोका चुकून त्यांच्या कार्यालयात गेला होता. खोका चुकणं हा अपघात म्हणू. पण पुढे जे झालं तो अपघात नव्हता. तिथे मजकुराच्या प्रती निघाल्या. मॅकलॉकलन यांना प्रवक्तेपद सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि ते संरक्षणमंत्री झाले. ज्या बायकांचं बोलणं झेरॉक्स मशीनवरून फिरलं त्यांना मात्र कुठल्याच निवडणुकीने काही परत केलं नाही.

एक क्षण त्या खोक्याचा विचार करा. कुठल्याही कार्यालयात येणारा असतो तसाच साधा पुठ्ठ्याचा खोका, आत फायली. त्यावर कुलूप नाही, पोच घेणारा ठरलेला माणूस नाही. कुठल्या स्त्रीने तो आणायचा, कुठल्या स्त्रीने उघडायचा, वाचून झाल्यावर कुठे ठेवायचा, हे कुणी ठरवलेलं नाही. सूचना पाकिटावर लिहिली होती. खोका नेणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला ती दिसणारही नव्हती. आपल्याकडेही ‘गोपनीय’ हा शिक्का कागदावर मारतात. तो कागद ज्या हातांतून जाणार त्या हातांना कुणी काही सांगत नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत जास्त लागतो. मे-जून १९९५ मध्ये काही नारिंजेरी स्त्रियांनीच जाहीरपणे सांगितलं की असं काही ज्ञान असल्याचं आपण कधी ऐकलेलं नाही. राज्य सरकारने ताबडतोब रॉयल कमिशन नेमलं, म्हणजे आपल्याकडच्या चौकशी आयोगासारखं, पण जास्त वजनाचं. विषय एकच होता, ही श्रद्धा रचलेली आहे का. ज्या स्त्रिया ती श्रद्धा सांगत होत्या त्यांनी आयोगापुढे साक्ष द्यायला नकार दिला. आमच्या श्रद्धेचीच चौकशी कशी काय लावता, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबरमध्ये आयुक्त आयरिस स्टीव्हन्स यांनी निष्कर्ष दिला, की पूल अडवण्यासाठी हे सगळं रचण्यात आलं. देशभर मथळे झळकले. ‘बायकांचा गुप्त मामला’ हे तिथल्या लोकांच्या तोंडी चेष्टेचं वाक्य होऊन बसलं.

ज्या बायकांनी ‘आम्हाला माहीत नाही’ म्हटलं त्याही नारिंजेरीच होत्या, त्यांच्याही आज्या तिथल्याच. त्या खोटं बोलत होत्या असं म्हणायचं मला काही कारण दिसत नाही. पण राखीव ज्ञानाचा अर्थच असा की ते सगळ्यांना ठाऊक नसतं. आपल्या पाड्यावर भगताला जे ठाऊक असतं ते शेजारच्या घराला ठाऊक असतं का? सुईणीचं सुनेला, सुनेचं नणंदेला? एकीला माहीत नाही म्हणून दुसरीचं खोटं, हे गणित गावात कुणी मांडत नाही. आयोगाने ते मांडलं. शिवाय बोलणाऱ्या बायकांच्या हाती स्वतःला खरं ठरवायचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे सगळं उघड करणं. जपलं तर खोटारड्या, सांगितलं तर जपण्याजोगं काही उरत नाही.

यानंतर पुन्हा अर्ज झाला. १९९६ च्या सुरुवातीला न्यायमूर्ती जेन मॅथ्यूज यांना नवा अहवाल करायला नेमलं. मार्चमध्ये सरकार बदललं आणि नवे मंत्रीही पुरुषच होते. कोर्टाच्या निकालामुळे आता ते स्वतः वाचणार हे नक्की होतं. स्त्रियांनी आपला गोपनीय मजकूर मागे घेतला. मग उरलेल्या पुराव्यावर मनाई टिकण्यासारखी नव्हती. पुढे हायकोर्टाने, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, विद्यमान न्यायाधीशाला असं काम देणंच अवैध ठरवलं. १९९७ मध्ये संसदेने या एका पुलासाठी खास कायदा करून त्याला वारसा कायद्यातून वगळलं. १९९८ मध्ये हायकोर्टाने तो कायदा वैध ठरवला. मार्च २००१ मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला.

पूल झाल्यावर पाचएक महिन्यांनी दुसरा निकाल आला. विकासकांनी नुकसानभरपाईचा दावा लावला होता. अभ्यासिका, प्राध्यापिका, माजी मंत्री, सगळे प्रतिवादी होते. फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती जॉन फॉन डूसा यांनी आयोगापेक्षा खूप जास्त पुरावा ऐकला, आणि आयोगापुढे न गेलेल्या स्त्रियांचंही ऐकलं. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांनी दावा फेटाळला. हे ज्ञान रचलेलं होतं, किंवा ते खऱ्या परंपरेचा भाग नव्हतं, असं पुराव्यावरून आपलं समाधान होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोवर गाड्या पुलावरून धावत होत्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पाकिटांच्या गदारोळात ती मागे पडते. डॉरीन कार्टिन्येरी यांचं आयुष्यभराचं काम वंशावळींचं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयात त्या आदिवासी कुटुंबांच्या इतिहासाचा प्रकल्प चालवायच्या. विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल वस्त्या-मिशनांवर फिरले, लोकांचे फोटो काढले, मापं घेतली, नातीगोती लिहून घेतली. कोण कुणाचं मूल, कोण कुठून आणलेलं, कुणाचा बाप कोण. ज्यांनी सांगितलं त्यांना हे कागद पुढे कुठे जाणार याची कल्पना कुणी दिली असेल असं वाटत नाही. आज त्याच वंशावळी दोन कामांना येतात. घरापासून तोडून नेलेली मुलं आपली माणसं शोधतात, आणि जमिनीच्या दाव्यात ‘आम्ही इथलेच’ हे सिद्ध होतं. पण त्याच कागदावर एखाद्या घराचं झाकून ठेवलेलं दुःखही असतं. ते दुसऱ्याच्या हाती पडलं तर गावात तोंड दाखवता येत नाही. म्हणून अशा नोंदी सरसकट उघड्यावर ठेवत नाहीत, त्या त्या कुटुंबाच्या वारसांना दाखवतात. ज्या बाईने असल्या नोंदी वर्षानुवर्षं हाताळल्या, कुणाला काय दाखवायचं याचा तोल सांभाळला, तिलाच देशाने ‘माहिती लपवते म्हणजे खोटं बोलते’ असं ऐकवलं.

कायदा हे ओळखू शकत नाही असंही नाही. १९७६ साली पिचनचाचारा लोकांनी नॉर्दर्न टेरिटरीच्या सुप्रीम कोर्टातून एका पुस्तकाच्या विक्रीला मनाई मिळवली होती. लेखकाला पस्तीसेक वर्षांपूर्वी विश्वासाने सांगितलेल्या पुरुषांच्या राखीव गोष्टी त्यात छापल्या होत्या. विश्वासाने दिलेली माहिती विश्वास मोडून वापरता येत नाही, हे साधं जुनं तत्त्व कोर्टाने तिथे लावलं. कुमरांकच्या बायकांना हा आसरा मिळाला नाही, कारण त्यांना आपली माहिती पुस्तकापासून वाचवायची नव्हती. त्यांना सरकारच्याच दारात पुरावा म्हणून ती ठेवावी लागली होती.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, तरी सांधा तोच आहे. वनहक्क नियमांच्या तेराव्या नियमात कुठले पुरावे चालतात त्यांची यादी आहे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या तर आहेतच. त्याशिवाय विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा आहेत. वंशावळ आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे. ही यादी आदिवासींच्या बाजूची आहे आणि तिच्यासाठी लोक झगडले आहेत. सरकारी दप्तरात ज्याचं नाव कधी आलंच नाही त्याच्यासाठी आजीचा जबाब हाच सातबारा. पण हे सगळं एका फाइलीत जातं. फाइल वनहक्क समितीकडून ग्रामसभेत, तिथून उपविभागीय समितीकडे, मग जिल्ह्याला. वाटेत स्थळपाहणी, वन खात्याचे लोक, जीपीएस, नकाशा, स्कॅन. आता तर मोबाइलवर फोटो आणि गावाच्या ग्रुपवर पीडीएफ. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाची माहिती ओळखतो. अख्ख्या पाड्याने मिळून जपलेली गोष्ट त्याच्या व्याख्येत बसत नाही.

आणि सगळंच झाकून ठेवा असंही म्हणता येत नाही. दावे ग्रामसभेत उघड वाचले जातात ते चांगल्यासाठीच. कुणाच्या नावावर किती जमीन मागितली हे झाकलं तर पहिला फायदा लबाडाला होतो. क्षेत्र, सीमा, दावेदार, ठराव, हे उघडच हवं. प्रश्न फक्त यापलीकडचं काय लिहायचं याचा आहे.

तीन वर्षांपूर्वी एका पाड्यावर सामूहिक दाव्यासाठी जबाब घेत होते. ओटीवर समितीचे चार पुरुष, मी आणि एक आजी. आजी कुठे गुरं चरायची, मोहाची झाडं कुठली, देव कुठला, हे भराभर सांगत होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक जागा आहे, तिथे आली आणि थांबली. मग उठली, मला आत चुलीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या हातातल्या वहीकडे पाहून म्हणाली, “पोरी, हे कागदावर नको घालू. तुला बाई म्हणून सांगितलं.”

मी अर्धं लिहून बसले होते. सवयच असते, समोरचा बोलला की पेन चालतं. तो कागद मी तिच्यासमोर फाडला आणि चुलीत टाकला. तिने ओढणीने राख आत सारली.

बाहेर आल्यावर समितीच्या सचिवाने विचारलं, “जबाबात काय लिहायचं?” आम्ही नियम पुन्हा वाचला. पवित्र जागा आहे एवढं नियमाला पुरतं. तिथे काय करतात, कोण करतं, कधी करतात, हे नियम विचारत नाही. जबाबात एकच ओळ गेली, ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचं पूजास्थान आहे, पूर्वीपासून आहे. नकाशावर नेमका बिंदू न टाकता मोठं वर्तुळ काढलं. आधीच्या दाव्यांत मी अशा जागांचे बिंदू जीपीएसने नेमके टाकून दिले होते, फोटोसकट, पुरावा पक्का व्हावा म्हणून. ते कागद आज किती ठिकाणी आहेत, माझ्या हाती नाही.

स्थळपाहणीला आलेल्या साहेबांनी त्या वर्तुळावर बोट ठेवलं. “इथे काय आहे?”

“पूजास्थान,” सचिव म्हणाला.

“कसलं?”

ओट्यावर बसलेल्या आजीने वर पाहिलं नाही. सचिवाने नियमाचा कागद पुढे केला. साहेबांनी वाचला, वर्तुळाच्या बाजूला ‘पूजास्थान – १’ लिहिलं आणि खाली सही केली.

त्या आजीला मी नंतर गूलव्याच्या पुलाची गोष्ट सांगितली. २०१० च्या जुलैत दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पुलाच्या पायथ्याशी कार्यक्रम घेऊन न्यायमूर्ती फॉन डूसा यांचा निष्कर्ष मान्य केला. म्हणजे त्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या हे मान्य केलं. डॉरीन कार्टिन्येरी २००७ मध्येच गेल्या होत्या. पुलाला हरकत कायम ठेवूनही वडीलधाऱ्यांनी आपल्या लोकांना आपल्या जमिनीवर आणि पाण्यावर जायला तो ओलांडायची मोकळीक दिली, आणि ते स्वतः पुढे चालत गेले. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि ती पाकिटं? ती परत दिली का त्यांना?”